बाबांचं 'परवा' आणि मिलबरोचे जिम आजोबा

बाबांना स्ट्रोक आला तेव्हा आम्ही सगळ्यात आधी काय केलं असेल, तर त्यांना कांदा हुंगवला आणि लिंबू सरबत पाजलं. हे लिहितानाही कान गरम होतात माझे. एप्रिल महिना, नाशिकचं ऊन, बाबा भाजी घेऊन आले आणि पिशवी ओट्यावर ठेवायच्याऐवजी हवेतच सोडून दिली, टोमॅटो स्वयंपाकघरभर आणि हे त्यांच्याकडे बघत उभे. आईने काहीतरी विचारलं, त्यावर बोलायला तोंड उघडलं तर आवाज आला पण शब्दच नाही. ऊन लागलं, यावर घरात दोन मिनिटात एकमत झालं (आमच्याकडे इतक्या पटकन एकमत दुसऱ्या कशावरच होत नाही). मग दादा ऑफिसातून यायचा, मग रिक्षा, मग पहिल्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन बंद म्हणून दुसरीकडे, असं करता करता पाच तास गेले. गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन असतं ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि स्ट्रोकच्या पेशंटला गिळता येत नसेल तर तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नसतं, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं, हे तिसऱ्या दिवशी. त्यामुळे कोणाचं तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं बिघडलं तर सरबत करत बसू नका, थेट सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. एवढं सांगून झालं, आता मूळ विषय, तो कॉमिक्सचा आहे.

बाबांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. मेंदूच्या डाव्या भागात गुठळी, तिथेच बहुतेकांचं भाषेचं खातं असतं. डॉक्टर अफेजिया म्हणाले, मराठीत वाचाघात. पंधरा दिवसांनी एक शब्द परत आला, एकच. तो शब्द होता 'परवा'.

चहा घेणार का? परवा. दुखतंय का कुठे? परवा परवा. कोण आलंय बघा, ओळखलं का? हसून, मान हलवून, अगदी आनंदाने, परवा! चिडले की "परवा!!" आणि रात्री एकटे पडून हळू आवाजात "परवा... परवा..." हाच शब्द का, दुसरा का नाही, याला काही उत्तर नसतं म्हणे. काही पेशंटना असा एखादाच शब्द किंवा नुसता आवाज उरतो. पॅरिसमधे लबोर्न नावाचा एक माणूस होता, त्याला फक्त 'टॅन' एवढंच म्हणता यायचं, 21 वर्षं हॉस्पिटलात काढली, 1861 मधे तो गेल्यावर ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि बोलण्याचं केंद्र कुठे असतं त्याचा शोध तिथून लागला. वाचून मला उगाच बरं वाटलं, की चला, बाबांच्या वाट्याला निदान अर्थ असलेला शब्द तरी आला. तोही असा, की झालेला परवा की येणारा परवा हे मराठी माणसालाही वाक्य पूर्ण झाल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात विचित्र म्हणजे गणपतीची आरती त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणता यायची. टाळ्या एका हाताने मांडीवर. ती संपली की परत परवा. पाठ झालेलं, चालीवरचं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने जातं असं स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या. शेजारच्या काकू मात्र हा चमत्कार आहे म्हणून गावभर सांगत सुटल्या आणि मग रोज संध्याकाळी चार बायका आरती ऐकायला यायला लागल्या, तो एक वेगळाच ताप.

तर त्या दिवसांत माझी मावसबहीण, जी गेली वीस-बावीस वर्षं टोरांटोजवळ राहते, तिने व्हॉट्सअॅपवर एक कॉमिक स्ट्रिप पाठवली. मला आधी राग आला. इथे बापाला डायपर बदलायची वेळ आलीये आणि ही जोक कसले पाठवते. दोन दिवस उघडलीच नाही. मग एका रात्री, माझी बाबांजवळ झोपायची पाळी होती, झोप तर येतच नाही, तेव्हा उघडली. नेहमीसारख्या ओळीत काढलेल्या चौकटी. एक म्हातारे आजोबा खुर्चीत. डोक्यावर ढगासारखा फुगा, त्यात ते मनात म्हणतायत ते सगळं, व्यवस्थित, पूर्ण वाक्यांत. आणि तोंडापाशी शेपटीवाला दुसरा फुगा, बोलण्याचा, त्यात एखादाच शब्द, तोही भलताच. समोरच्या बाईला फक्त हा दुसरा फुगा ऐकू जातो. वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात.

मी फोन छातीवर ठेवला आणि बाबांकडे बघितलं. जागे होते. पंख्याकडे बघत होते. त्यांच्या डोक्यावर ढग होता का तर नव्हता, पण त्या रात्रीनंतर मला तो कायम दिसायला लागला, म्हणजे मी तो काढायलाच लागले मनातल्या मनात. त्याआधी, खोटं कशाला बोलू, आम्ही सगळे बाबांशी मोठमोठ्याने आणि बोबडं बोलायला लागलो होतो, जसं काही ते बहिरे झालेत किंवा दोन वर्षांचे. "बाबाऽऽ, मंमं करायचं?" ज्या माणसाने 34 वर्षं पोस्टात काढली, जो पेपरातलं शब्दकोडं पेनने सोडवायचा, त्याला मंमं.

ती स्ट्रिप म्हणजे 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स'. लिन जॉन्स्टन नावाच्या कॅनडातल्या बाई काढायच्या. नाव त्यांच्याकडच्या लग्नातल्या शपथेतलं आहे, बऱ्यावाईटात साथ देईन असं. 1979 च्या सप्टेंबरमधे सुरू झाली आणि 2008 पर्यंत नवीन चालली. पॅटरसन नावाचं एक कुटुंब, टोरांटोच्या आसपासच्या मिलबरो नावाच्या काल्पनिक गावात राहणारं. आई एली, बाबा जॉन दाताचे डॉक्टर, मुलं मायकल, एलिझाबेथ, मग उशिरा झालेली एप्रिल. जॉन्स्टनबाईंचा नवराही दाताचा डॉक्टर, मुलांची नावंही स्वतःच्या घरातलीच मधली नावं उचललेली. आणि मुख्य गंमत म्हणजे या स्ट्रिपमधल्या माणसांचं वय वाढतं. बाकी कॉमिक्समधे पोरं पन्नास पन्नास वर्षं पाचवीतच. इथे मायकल लहान पोर होता तो मोठा झाला, कॉलेजला गेला, लग्न झालं, त्याला पोरं झाली. आणि एकदा वय वाढायला लागलं म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप आलंच की.

पहिला नंबर कुत्र्याचा लागला. फार्ली, तो मोठा झिपऱ्या कुत्रा. 1995 च्या एप्रिलमधे छोटी एप्रिल पाण्याने फुगलेल्या ओढ्यात पडते, म्हातारा फार्ली उडी मारून तिला काढतो आणि त्या श्रमाने, थंडीने स्वतः जातो. स्नूपी या कुत्र्याची प्रसिद्ध स्ट्रिप काढणारे शुल्झ हे जॉन्स्टनबाईंचे मित्र, त्यांना हे आधी सांगितलं तर ते म्हणाले तू फार्लीला मारलंस तर मी स्नूपीला ट्रकखाली घालेन म्हणजे तुझ्याकडे कोणी बघणार नाही. मग बाईंनी त्यांना तारीखच कळू दिली नाही. वाचकांनी पत्रांचा नुसता पाऊस पाडला, काही रडवेली, काही संतापलेली, की सकाळी पोरांबरोबर बसून वाचतो आम्ही हे. पण बाईंचं म्हणणं सरळ होतं, कुत्रा चौदा वर्षांचा झाला, माणसं वाढवायची आणि कुत्रा तेवढा तरुण ठेवायचा हे कसं चालेल.

मग 1998 मधे एलीची आई, मॅरियन गेली. तिचा नवरा म्हणजे हे जिम आजोबा, त्या रात्री पाहिलेले खुर्चीतले, एकटे पडले, व्हँकुव्हर सोडून मुलीकडे राहायला आले. पुढे त्यांना आयरिस भेटली, म्हातारपणी दुसरं लग्न केलं. आणि 2006 मधे स्ट्रोक.

मी ते सगळं मागून वाचून काढलं, इंटरनेटवर जुन्या स्ट्रिप्स तारखेप्रमाणे मिळतात. रात्री बाबांना कूस बदलून द्यायची (दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात), पावडर लावायची, आणि मग सात-आठ दिवसांच्या स्ट्रिप वाचायच्या. एकदम सगळं वाचवत नव्हतं. आणि मला वाटतं हाच या प्रकाराचा खरा गुण आहे. सिनेमात आजारपण दोन तासांत होतं, मधे एक गाणं, त्यात केस गळतात आणि ऋतू बदलतात, की संपलं. कादंबरीत प्रकरणं असतात, लेखक म्हणेल तेव्हा वर्ष उलटतं. स्ट्रिपला ती सोयच नाही. आज चार चौकटी, उद्या चार चौकटी. आज काय तर चमचा धरता आला. उद्या काय, तर चमचा परत पडला. परवा रविवार, रंगीत आणि जरा मोठं, पण घडलं काहीच नाही. घरात लांबचं आजारपण असलेल्या माणसाला विचारा, वेळ असाच जातो. आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी एक बारीकसं काहीतरी हसण्यासारखं असावं लागतं हा तर स्ट्रिपचा धंद्याचा नियम, पण घरातही तेच होतं हो. बाबांना स्पंजिंग करताना दादाच्या हातातून साबण निसटून सरळ आईच्या चहाच्या कपात, त्यावर बाबा इतके हसले, परवा परवा करत, की घरात कित्येक दिवसांनी सगळे हसलो. शेवटच्या चौकटीत बसेल असं होतं ते.

जॉन्स्टनबाईंना हे जमलं त्याचं एक कारण मला नंतर सापडलं. त्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत मेडिकल आर्टिस्ट होत्या, म्हणजे डॉक्टर लोकांसाठी शरीराची चित्रं काढायची नोकरी. आणि व्यंगचित्रांची सुरुवात कुठून, तर पहिल्या बाळंतपणात त्यांच्या डॉक्टरांच्या तपासायच्या टेबलावर आडवं पडलं की वर नुसतं पांढरं छत दिसायचं, तिथे काहीतरी लावा की म्हणून. डॉक्टर म्हणाले तूच काढ. मग त्या गरोदर बाईची चित्रं काढून आणून द्यायला लागल्या, ती छताला चिकटली. 1973 मधे त्यांचं पुस्तक निघालं. मला हे फार आवडलं. आयसीयूबाहेरच्या बाकावर रात्री काढलेल्या कोणालाही माहिती आहे की हॉस्पिटलच्या छताकडे बघण्यात आयुष्याचे किती तास जातात, आमच्याकडे तर त्या छताला एक पाण्याचा डाग होता, मला त्यात गुजरातचा नकाशा दिसायचा आणि दादाला म्हैस.

असो. बहिणीने मग सांगितलं की अमेरिकेत याहून कडक एक प्रकार झालाय, तो झेपला तर वाच. 'फंकी विंकरबीन'. नावावरून वाटतं टवाळ पोरांचं काहीतरी, आणि 1972 मधे सुरू झाली तेव्हा होतीच तशी, ओहायोमधल्या शाळेतल्या पोरांची, रोज एक जोक. काढणारे टॉम बॅट्युक आधी शाळेत चित्रकला शिकवायचे. मग हळूहळू स्ट्रिप गंभीर होत गेली. त्यात लिसा नावाची, लेस या शिक्षकाची बायको. 1999 मधे तिला स्तनाचा कॅन्सर होतो, ऑपरेशन, केमो, केस जाणं, सगळं रोजच्या पेपरात, शेजारी शब्दकोडं आणि खाली राशिभविष्य. ती बरी होते. मधल्या काळात बॅट्युकना स्वतःला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला, आणि त्यातून उठल्यावर ते लिसाकडे परत गेले. कॅन्सर उलटतो. ती केमो थांबवायचं ठरवते, मुलीसाठी व्हिडिओ टेप करून ठेवते, आणि 4 ऑक्टोबर 2007 ला जाते. मुखवटा घातलेला, सुटाबुटातला एक माणूस तिला न्यायला येतो. तो मृत्यू.

इथे माझं मत जरा वेगळं आहे, रागवू नका. तो मुखवटेवाला मला नाही आवडला. आख्खी आठ वर्षं ज्यांनी सलाइनची नळी, थकवा, नवऱ्याचं काय बोलावं न कळून गप्प बसणं असं खरं खरं काढलं, त्यांनी ऐन वेळी नाटकातला माणूस का आणावा? बाबा गेले तेव्हा कोणी सुटाबुटात आलं नाही. पहाटे चार वाजता ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज चालू होता आणि छाती हलत नव्हती, आई म्हणाली मशीन बंद कर, बिल येतंय. एवढंच. नंतर दोन दिवस ती त्या वाक्यासाठी स्वतःला बोल लावत होती.

पण बॅट्युकनी त्यानंतर एक केलं ते मात्र धाडसाचं. लिसा गेल्यावर त्यांनी स्ट्रिप सरळ दहा वर्षं पुढे नेली. मधली दहा वर्षं गायब. लेस एकदम पिकलेला, मुलगी मोठी. मग लोक शिव्या घालत राहिले की हा माणूस त्या बायकोच्या दुःखातून बाहेरच येत नाही, किती रडगाणं, पुढे दुसरं लग्न केलं तरी लिसाबद्दलच बोलतो. 2022 च्या शेवटच्या दिवशी स्ट्रिप बंद झाली तोवर लोकांची ही तक्रार होतीच. मला आधी त्या शिव्या पटल्या होत्या. आता वडील गेल्याला तीन वर्षं झाली आणि आई अजून दूधवाल्याला "ह्यांच्या चहापुरतं" जास्तीचं अर्धा लिटर सांगते आणि मग त्याचं दही लावते, तेव्हा आता मी लेसला काही बोलत नाही. 2008 मधे पुलित्झरच्या अंतिम यादीत ती लिसाची मालिका होती, आणि क्लीव्हलंडच्या हॉस्पिटलमधे लिसाच्या नावाने कॅन्सरसाठी निधी आहे. चित्रातल्या बाईच्या नावाने खरा निधी.

असं बरंच निघालं मग. 'डून्सबरी' या अमेरिकन स्ट्रिपमधला अँडी 1990 मधे एड्सने गेला, त्या काळात, जेव्हा पेपरात बातमीतही लोक तो शब्द दबकत लिहायचे. नुसत्या पुस्तकांतही आहेत, पण मला भिडली ती ब्रायन फीजची. त्यांच्या आईला फुप्फुसाचा कॅन्सर, मेंदूपर्यंत गेलेला, त्यांनी 2004 मधे नाव न सांगता इंटरनेटवर चित्रं टाकायला सुरुवात केली, 2005 मधे कॉमिक्ससाठीचं आयस्नर अवॉर्ड मिळालं, 2006 मधे पुस्तक आलं आणि त्याआधीच आई गेली. त्यात एक प्रसंग आहे, आई आजारी पडल्यावर तिन्ही भावंडांना सुपरहिरोंसारख्या शक्ती येतात, एक नर्स बहीण, एक धाकटी आणि हा. आणि त्या शक्ती वापरून ते तिघं काय करतात, तर एकमेकांशीच मारामारी, आख्ख्या मोहल्ल्यावरून उडत. मी ते पान दादाला पाठवलं. आमच्या 'बाबा हेल्थ' या ग्रुपवर त्या आठवड्यात फिजिओ बदलायचा की नाही यावरून जे महाभारत झालं होतं, वहिनीने ग्रुपच सोडला होता. दादाने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग रात्री साडेअकराला आलं, "यात मी कोण?" मी म्हटलं तुला काय वाटतं. तो म्हणाला, "इमारत. तुम्ही जिच्यावर आपटताय ती."

ब्रिटनमधे इयन विल्यम्स नावाचे डॉक्टर आहेत, स्वतः चित्रं काढतात, त्यांनी 2007 मधे या सगळ्याला 'ग्राफिक मेडिसिन' असं नाव दिलं, डॉक्टरांनी वाचावं पेशंटने काढलेलं, अशी कल्पना. मला वाटतं आमच्या न्यूरोच्या ओपीडीत, जिथे तीन तास थांबून दोन मिनिटं मिळतात, तिथे असली चार पुस्तकं ठेवली तरी खूप होईल. सध्या तिथे 2 वर्षांपूर्वीचं प्रॉपर्टीचं मासिक असतं.

आपल्याकडे असं कोणी केलंय का असं बहिणीने विचारलं. मला एकदम आठवला तो चिंटू. 1991 च्या नोव्हेंबरमधे 'सकाळ'मधे सुरू झाला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा, आणि बाबा रोज ती पट्टी कात्रीने कापून दोनशे पानी वहीत खळीने चिकटवायचे, माझ्यासाठी म्हणून, पण वाचायचे स्वतःच. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या. तो काही मोठा झाला नाही, त्याच्या घरात कोणाला असं काही झाल्याचं निदान मला तरी आठवत नाही, आणि खरं सांगू का, तशी अपेक्षाही नाही माझी. सगळ्यांनी रडवायलाच पाहिजे असं थोडंच आहे. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर आईने ती वही बाबांच्या हातात दिली तर डाव्या हाताने पानं उलटत अर्धा अर्धा तास बसायचे. कुठल्या चित्राला हसतात ते बघायला मी मागे उभी राहायचे. बरोबर शेवटच्या चौकटीलाच हसायचे. म्हणजे वाचत होते! डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की वाचन किती समजतं ते सांगता येत नाही. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघायचं होतं.

आणि लक्ष्मण. आर. के. लक्ष्मणना 2003 मधे स्ट्रोक आला होता, डावी बाजू गेली, शेवटची वर्षं पुण्यात काढली आणि 26 जानेवारी 2015 ला पुण्यातच गेले. सेनापती बापट रोडला सिम्बायोसिसमधे कॉमन मॅनचा पुतळा आहे, तिथेच त्यांना अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. मी तेव्हा त्याच रस्त्यावरच्या ऑफिसात होते, ट्रॅफिक अडकलं म्हणून कुरकुरले होते हेही आठवतंय. आता त्या पुतळ्यावरून जाताना वेगळंच सुचतं. तो चौकड्याचा कोट घातलेला माणूस इतकी वर्षं प्रत्येक चित्रात हजर, आणि कधी एक शब्द बोलला नाही. त्याच्या डोक्यावर ढगाचा फुगाही नसायचा. तरी आख्ख्या देशाला कळायचं त्याच्या मनात काय आहे ते. म्हणजे जमतं की, बघणाऱ्याने बघायचं ठरवलं तर.

जिम आजोबांचं पुढे सांगते. 2008 च्या ऑगस्टमधे, स्ट्रिप संपायला आलेली, एलिझाबेथचं लग्न, आणि त्याच दिवशी आजोबांना परत हॉस्पिटलात हलवावं लागतं. ती नवरीच्या पोशाखात, तो लांबलचक पांढरा झगा सावरत, आजोबांच्या पलंगाशी जाते. आयरिस तिथेच, जशी दोन वर्षं होती तशी. मला त्या चित्रात नवरी नाही दिसली, आयरिस दिसली. दमलेली, पर्स मांडीवर, केस नीट विंचरलेले. आमची आई पण दोन-अडीच वर्षं तशीच. बाबांचं सगळं आवरून झालं की स्वतःची वेणी घालायचीच, पावडर लावायचीच, कोणी येणार असो नसो. मी एकदा म्हटलं कशाला त्रास घेतेस, तर म्हणाली, "ते बघतात ना."

हां, ते थेरपिस्टचं राहिलं. बाबांना बोलता येईना म्हणून स्पीच थेरपिस्टनी एक चित्रांचा तक्ता दिला होता. लॅमिनेट केलेला कागद, त्यावर बारा चौकटी, पाणी, संडास, दुखतंय, झोप वगैरे. बोट ठेवायचं. कल्पना उत्तम पण चित्रं कुठल्यातरी परदेशी वेबसाइटवरून घेतलेली, जेवणाच्या चौकटीत सँडविच, झोपेच्या चौकटीत टोपी घातलेला माणूस, संडास अर्थात कमोड. बाबा त्या तक्त्याकडे बघायचे आणि आमच्याकडे बघायचे. मग माझा भाचा, दादाचा मुलगा, तेव्हा सातवीत होता, तो म्हणाला आत्या मी करतो. ड्रॉइंगच्या कागदावर पट्टीने बारा चौकटी आखल्या, चहाचा कप बशीसकट (बाबा बशीत ओतूनच प्यायचे), पोळी-भाजीचं ताट, पेपर, चष्मा, पंखा, आपला साधा संडास, आजीचं चित्र वेणीसकट, चिंटूची वही, पाठ खाजवणारा हात, रडणारा चेहरा, टीव्ही. अकरा झाल्या. बारावी रिकामी ठेवली, आणि तोही तक्ता लॅमिनेट करून घेतला. मी म्हटलं हे काय, तर म्हणाला, यात नसलेलं काही असलं तर आजोबांनी इथे बोट ठेवायचं.

बाबा सगळ्यात जास्त त्या रिकाम्या चौकटीवरच बोट ठेवायचे. चहा वगैरे झालं की संध्याकाळी, सगळे जमलेले, आरतीवाल्या काकू पण आलेल्या, आणि बाबा टक टक टक, बोट रिकाम्या चौकटीवर, परवा, परवा. मग आमचा खेळ सुरू. बँकेचं काही आहे का? पेन्शनचा हयातीचा दाखला? गावचं घर? कोणाला भेटायचंय? नाशिकरोडच्या आत्याला बोलवू? दादा तर एकदा कपाटातली सगळी कागदपत्रं काढून पलंगावर पसरून बसला. बाबा मान हलवत राहायचे, नाही, नाही, आणि शेवटी डोळे मिटून घ्यायचे. मी रात्री रडायचे, की एवढं काय सांगायचं असेल, काय राहून जाणार आहे.

मागच्या महिन्यात आईकडे गेले होते, माळा आवरताना तो तक्ता सापडला. लॅमिनेशन पिवळं पडलंय. चहाच्या चौकटीवर डाग, आणि बाराव्या चौकटीवरचं प्लास्टिक बोटाने घासून घासून धुरकट झालंय, बाकीच्यांवर तसं काही नाही. मी खाली उतरून आईला दाखवला आणि म्हटलं, आई, हे आपल्याला शेवटपर्यंत कळलंच नाही ना गं.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "न कळायला काय झालं. तुम्ही सगळे जा आता इथून, एवढंच म्हणायचे ते. गर्दी कधी आवडायची त्यांना?"

मी बघतच राहिले. म्हटलं, मग तेव्हा सांगितलं का नाहीस?

"सांगून काय करू," म्हणाली. "मला पण जाच म्हणत होते."